जोतीरावांचे पाणी

मंडईत भाजी घेणाऱ्या पुणेकरांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असते, की ज्यांचे नाव या वास्तूला आहे त्यांनीच तिच्या खर्चाला विरोध केला होता. अष्टकोनी मनोऱ्याची ही दगडी इमारत १८८६ साली खुली झाली, तेव्हा तिला मुंबई प्रांताचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव देण्यात आले. त्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात उघड्यावर भरत असे. नव्या बाजाराचा विषय नगरपालिकेपुढे आला, तेव्हा जोतीराव फुले आणि हरी रावजी चिपळूणकर यांनी त्याविरुद्ध मत दिले. एवढा पैसा गोरगरिबांच्या मुलांच्या शिक्षणाकडे वळवावा, असे त्यांचे म्हणणे होते. ते मानले गेले नाही. पुढे १९३८ साली आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने याच इमारतीला महात्मा फुले मंडई हे नाव मिळाले. घाऊक बाजार गुलटेकडीला गेला, २०२४ पासून शेजारी भुयारी मेट्रोचे स्थानक आले, पण गाळ्यांवरची मेथी, मुळे आणि काकड्या तशाच आहेत.

मेथीची जुडी म्हणजे बहुतांशी पाणीच. अरबी समुद्रावरून वाफेच्या रूपाने उठलेले हे पाणी मोसमी वाऱ्यांबरोबर सह्याद्रीला येऊन धडकते. घाटमाथ्यावर ते धो धो कोसळते. पूर्वेकडे सरकावे तसा पाऊस आटत जातो. पुण्याच्या वाट्याला वर्षाकाठी सुमारे सातशे मिलिमीटर येतो, दौंडच्या बाजूला त्याहून कमी. पडलेल्या पाण्यातले काही जमिनीत मुरते, काही झाडे पितात, काही उन्हाने पुन्हा आकाशात जाते. उरलेले मुठा, भीमा आणि कृष्णेच्या वाटेने बंगालच्या उपसागराला मिळते. निसर्गाच्या या फेऱ्यात कोणाची जात विचारली जात नाही आणि कोणाकडून शेतसाराही घेतला जात नाही. माणसांच्या वस्तीत शिरल्यावर मात्र या पाण्याला धनी भेटतात. डोंगरउतारापासून घरच्या हौदापर्यंतच्या या प्रवासात पाणी नेमके कोठे आणि कोणासाठी अडते, याचा छडा जोतीरावांनी आयुष्यभर लावला. शाळा, सत्यशोधक समाज आणि ग्रंथ यांच्या वर्णनात त्यांच्या चरित्राची ही बाजू बहुधा एखाद्या वाक्यात उरकली जाते.

त्यांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यातल्या कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. तेथून ते पुरंदर तालुक्यातील खानवडीला आले आणि आजोबा शेटीबांच्या काळात पुण्यात स्थिरावले. खटाव काय किंवा पुरंदर काय, दोन्ही मुलूख पर्जन्यछायेतले. पावसाने डोळे वटारले की विहिरी तळ दाखवणारे. पुण्यात पेशव्यांच्या पदरी फुले पुरवण्याचे काम मिळाले आणि गोऱ्ह्यांचे फुले झाले. जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ चा. आई चिमणाबाई ते तान्हे असतानाच वारल्या. वडील गोविंदरावांनी मुलाला शाळेत घातले, मग लोकांच्या बोलण्याने काढून शेतीच्या कामाला लावले. शेजारी राहणारे मुन्शी गफार बेग आणि लिजिटसाहेब यांनी मन वळवले नसते, तर हा मुलगा मळ्यातच राहिला असता. १८४१ मध्ये तो पुन्हा स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाला. मधल्या काळात हाती आलेले मळ्याचे काम मात्र वाया गेले नाही. वाफ्याला किती पाणी लागते आणि मोट किती श्रमाने चालते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

त्या काळच्या पुण्याचे पाणी कात्रजहून येत असे. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास कात्रजच्या डोंगराच्या पायथ्याशी तलाव बांधवून, माणूस आत उतरू शकेल एवढ्या दगडी भुयारातून ते पाणी शहरात आणले. ना पंप, ना इंधन. केवळ उताराच्या बळावर ते शनिवारवाड्यापर्यंत पोहोचे. वाटेत जागोजागी उच्छ्वास होते. तेथे गाळ खाली बसे, हवा बाहेर पडे. पेठांमधून हौद बांधलेले होते. स्थापत्य म्हणून ही योजना अजोड होती, यात शंका नाही. पण ज्या हौदावर साऱ्या पेठेचे हंडे-कळश्या भरत, त्याच्या जवळ जाण्याची महार-मांगांना मुभा नव्हती. कोणी वरून ओंजळीत ओतले तर प्यायचे, नाहीतर दूरच्या ओढ्याचा रस्ता धरायचा. उताराने सहज वाहत आलेले पाणी शेवटच्या चार हातांवर येऊन थांबत होते.

जोतीरावांचे पुढचे कार्य महाराष्ट्राला परिचित आहे. १८४८ मध्ये बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली. सावित्रीबाई शिकवू लागल्या. समाजाच्या रोषाला भिऊन वडिलांनी १८४९ मध्ये दोघांना घराबाहेर पडायला सांगितले. त्यानंतर अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा झाल्या आणि १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह निघाले. या सर्वांच्या मानाने १८६८ सालची घटना लहान वाटते. गंजपेठेतल्या आपल्या घराचा पाण्याचा हौद जोतीरावांनी अस्पृश्यांसाठी खुला केला.

त्यासाठी सभा भरवावी लागली नाही, वर्गणी काढावी लागली नाही. आजच्या वाचकाला त्यात धाडस कोणते, असे वाटण्याचा संभव आहे. पण शाळेत मुलांना शिकवणे ही एक गोष्ट आणि स्वतःच्या घरच्या पाण्याला त्यांचा हात लागू देणे ही दुसरी. पाणी बाटले म्हणजे घर बाटले, असे मानणारा तो काळ. असे करणाऱ्याच्या घरी जातभाईही पाण्याचा पेला तोंडाला लावत नसत. सुधारणेची व्याख्याने देणाऱ्या पुण्यातल्या अनेक विद्वानांचे सुधारकपण याच उंबऱ्यावर अडत होते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने संमत केला तो १९२३ मध्ये, आणि तो कागदावरच राहिल्याने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले. गंजपेठेतला हौद त्याआधी एकोणसाठ वर्षे खुला झाला होता. बाबासाहेबांनी जोतीरावांना आपल्या गुरूंमध्ये गणले, ते उगाच नव्हे.

जोतीराव केवळ समाजसुधारक होते, असा एक समज आहे. प्रत्यक्षात ते हिशेब जाणणारे व्यावसायिकही होते. धातूच्या ओतकामाला लागणाऱ्या साहित्याचा व्यापार त्यांनी केला, सरकारी बांधकामांची कंत्राटे घेतली. १८७० च्या दशकात मुठेवर खडकवासल्याचे धरण बांधले जात होते. कर्नल फाइफ या लष्करी इंजिनिअरच्या योजनेतून उभे राहिलेले हे दगडी धरण हिंदुस्थानातल्या त्या प्रकारच्या आरंभीच्या मोठ्या धरणांपैकी एक. त्याला लागणारे बांधकाम साहित्य पुरवणाऱ्यांत जोतीराव होते. (पानशेत फुटले त्या १२ जुलै १९६१ च्या लोंढ्यात हे जुने धरणही फुटले आणि नंतर पुन्हा बांधावे लागले.) या कामामुळे त्यांना इंजिनिअर खात्याचा कारभार जवळून दिसला. मजुरीतली गळती, खोटी मापे, वरच्या साहेबांचे अज्ञान आणि खालच्या अंमलदारांचे हात, हे सारे त्यांनी पाहिले. त्या खात्यावर त्यांनी पोवाडाही रचला. पुण्याजवळ मांजरीला त्यांची सुमारे साठ एकर जमीन होती. धरण बांधणाऱ्यांच्या बाजूने आणि पाण्याची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याच्या बाजूने, अशी दोन्हीकडून त्यांना या प्रश्नाची ओळख होती. हा योग त्या काळच्या दुसऱ्या एखाद्या लेखकाच्या वाट्याला क्वचितच आला असेल.

तशात १८७६ चा पावसाळा कोरडा गेला आणि दख्खनवर भीषण दुष्काळ कोसळला. खेडी ओस पडली, जनावरे दावणीला मेली. सत्यशोधक समाजाच्या वतीने १८७७ मध्ये कात्रजच्या वाटेवरील धनकवडीला व्हिक्टोरिया बालाश्रम उघडून जोतीराव आणि सावित्रीबाईंनी दुष्काळग्रस्त मुलांच्या जेवणाची सोय केली. याच सुमारास, १८७६ पासून काही वर्षे, ते पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लिटन पुण्यास यायचे होते. त्यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा सभागृहात विरोध करणारे एकटे जोतीराव होते. उपाशी मुले डोळ्यांदेखत पाहिलेल्या माणसाला कमानी आणि दिव्यांची रोषणाई मानवली नाही. मंडईच्या खर्चाला झालेला विरोधही याच वृत्तीतला. बाजाराला छप्पर हवे होते, हेही तितकेच खरे. या एका बाबतीत पुढच्या पिढ्यांनी जोतीरावांच्या विरोधाला नव्हे, तर इमारतीला कौल दिला.

दुष्काळाने त्यांच्यापुढे जो प्रश्न टाकला, त्याचे उत्तर १८८३ च्या जुलैमध्ये लिहून पूर्ण झालेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात आहे. पाऊस कमी पडतो, एवढ्यावर त्यांचे समाधान होत नाही. पडलेल्या पावसाचे काय होते, हे ते पाहतात. डोंगरावर वाळलेला पाला, गवत, जनावरांचे शेण, मेलेले किडे हे सारे कुजते. वळवाच्या सरींनी हे सत्त्व खालच्या शेतात उतरते आणि जमीन कसदार होते. वरचे रान राखले नाही आणि उतारावर पाणी थोपवले नाही, तर तेच सत्त्व पाण्याबरोबर ओढ्यानाल्यांत वाहून जाते आणि शेतात मुरूम उघडा पडतो. आज ज्याला मृदसंधारण आणि पाणलोट क्षेत्र म्हणतात, त्याचा गाभा येथे शेतकऱ्याच्या भाषेत आला आहे.

यावर त्यांनी सुचवलेले उपाय तितकेच रोखठोक आहेत. सरकारजवळ गोऱ्या-काळ्या शिपायांची मोठी फौज आहे आणि पोलीसही आहेत. त्यांना शांततेच्या काळात रिकामे ठेवण्याऐवजी जागोजागी ताली आणि लहान बंधारे घालायला लावावेत. पाणी प्रथम शेतात मुरावे आणि मगच ओढ्यांना, नद्यांना मिळावे, अशी त्यांची योजना होती. डोंगरदऱ्यांत तळी-तलाव बांधावेत. नद्या, ओढे आणि तळ्यांतला गाळ शेतकऱ्यांना पूर्वीप्रमाणे फुकट नेऊ द्यावा. जंगल खात्याने गिळलेली गायराने गावांना परत करावीत; १८७८ चा जंगल कायदा तेव्हा नवा होता आणि त्याची झळ ताजी होती. पाणाड्यांकडून पाण्याच्या जागा शोधून त्यांची नोंद करावी आणि विहीर खणणाऱ्याला बक्षीस द्यावे.

कालव्याविषयीचे त्यांचे विवेचन विशेष मोलाचे आहे. कारण तेथे ते सरकारच्या बांधकामाचे नव्हे, कारभाराचे माप घेतात. पाणीपट्टी ठरलेल्या दराने वसूल होते, पण पिकाला हवे तेव्हा हवे तितके पाणी मिळेल, याची हमी कोणी घेत नाही. म्हणून प्रत्येक शेतकऱ्याला त्याच्या जमिनीच्या मानाने पाण्याची एक तोटी करून द्यावी, असे त्यांनी सुचवले. पाणी मोजून द्यावे, मोजून घ्यावे आणि वाया जाऊ देऊ नये, हा विचार १८८३ साली एक बिगरसरकारी माणूस मांडत होता.

या ग्रंथाचे नशीब मात्र फारसे चांगले नव्हते. पहिले काही भाग 'दीनबंधू' पत्रात आले आणि पुढे छपाई थांबली. विरोधकांनी नव्हे, आपल्याच चळवळीतल्या माणसांनी हात आखडता घेतला, याचे जोतीरावांना दुःख होते. संपूर्ण ग्रंथ छापील रूपात पाहणे त्यांच्या नशिबी आले नाही. त्यातले विचार मात्र निरनिराळ्या वाटांनी परत आले. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावात पाणी पंचायतीचा प्रयोग सुरू केला. त्यात पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे, घरातल्या माणसांवर ठरला आणि भूमिहीनांनाही हक्क मिळाला. जोतीरावांची तोटी जमिनीच्या मापाने होती; नायगाव तिच्या एक पाऊल पुढे गेले. तेही फुल्यांच्या खानवडीच्याच तालुक्यात. २०१७ मध्ये राज्य शासनाने धरणातला गाळ काढून शेतात टाकण्याची योजना सुरू केली. गाळ फुकट नेऊ द्या, ही असूडातली मागणी तेव्हा १३४ वर्षांची झाली होती.

१८८८ मध्ये, ११ मे रोजी, मुंबईतल्या सभेत त्यांना महात्मा ही पदवी अर्पण करण्यात आली. त्याच वर्षी पक्षाघाताने उजवे अंग लुळे पडले. तरीही डाव्या हाताने लिहून त्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' पुरे केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले. आपला देह जाळू नये, मिठात घालून पुरावा, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवले होते. वस्तीच्या जागी दफनाला नगरपालिकेने परवानगी नाकारली. ज्या संस्थेत त्यांनी काही वर्षे सदस्य म्हणून काम केले, तिचाच हा निर्णय. अखेर दहन करावे लागले. अंत्ययात्रेत टिटवे सावित्रीबाईंनी धरले आणि अस्थी गंजपेठेतल्या घराच्या आवारात पुरण्यात आल्या. मंडईपासून फुले वाडा पायी जाण्याच्या अंतरावर आहे. समाधी तेथेच आहे, ज्या घराचा हौद १८६८ मध्ये उघडला होता त्याच घराच्या अंगणात.