बंदरावरच्या हॉटेलमागचा गिरणीमालक

मुंबईच्या रीगल चौकातील जुन्या कौन्सिल हॉलमध्ये १९२८ पासून प्रांताचे आणि पुढे राज्याचे विधिमंडळ भरत असे. १९८०च्या दशकाच्या प्रारंभी विधिमंडळ नरिमन पॉइंटच्या नव्या विधानभवनात गेले आणि या वास्तूत राज्य पोलिसांचे मुख्यालय आले. तेथून चालत काही मिनिटांच्या अंतरावर ताजमहाल हॉटेल आहे. त्यातील १९३३ साली सुरू झालेला हार्बर बार हा मुंबईतील पहिला परवानाधारक बार म्हणून ओळखला जातो.

२६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यात या हॉटेलात ३१ जणांचे प्राण गेले. जळालेल्या जुन्या इमारतीचे काम पूर्ण होऊन ती १५ ऑगस्ट २०१० रोजी पुन्हा खुली झाली. येथे येणाऱ्या पाहुण्याला एक कथा हमखास ऐकवली जाते. वॉटसन हॉटेलात भारतीय म्हणून प्रवेश नाकारला गेला, त्या अपमानातून जमशेटजी टाटांनी ताज उभारले, अशी ती कथा. तिला समकालीन कागदपत्रांचा भक्कम आधार मात्र नाही. जमशेटजींचे चरित्र पाहिले तर त्यामागचे कारण वेगळे आणि अधिक मोठे दिसते.

३ मार्च १८३९ रोजी नवसारीत पारशी धर्मगुरूंच्या घराण्यात जन्मलेल्या जमशेटजींनी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिक्षण घेतले. वडील नसरवानजी यांच्या व्यापारात काही वर्षे काढल्यावर १८६८ मध्ये २१ हजार रुपयांच्या भांडवलावर त्यांनी स्वतःची पेढी सुरू केली. गिरण्या मुंबईतच निघाव्यात, असा तेव्हाचा रिवाज होता. जमशेटजींनी तो मोडला आणि कापूस पिकतो त्या मुलखाच्या जवळ, नागपुरात गिरणी काढली. १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. नागपूरच्या पूर्वेला भंडारा जिल्ह्यातील मोहाडी, आंधळगाव या भागात हातमागाची जुनी परंपरा होती. त्याच विदर्भात यंत्रावरच्या सूतकताईचे नवे युग अवतरले. कामगारांसाठी निवृत्तिवेतन, अपघाताची भरपाई आणि भविष्य निर्वाह निधी या गोष्टी कायद्याची सक्ती नसताना येथे लागू झाल्या.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. माणसे मेली, हजारोंनी शहर सोडले, व्यापार मंदावला. मुंबईची उमेद खचलेली असताना, १८९८ मध्ये जमशेटजींनी अपोलो बंदरावर भव्य हॉटेलासाठी जागा घेतली. हा व्यवहार त्यांनी कंपनीच्या नव्हे, स्वतःच्या पैशातून केला. सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांनी आराखडा तयार केला. १९०० मध्ये वैद्य निवर्तले आणि पुढचे काम डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी पूर्णत्वास नेले. विजेच्या यंत्रांपासून झुंबरांपर्यंतच्या वस्तू जमशेटजींनी युरोपात फिरून जातीने निवडल्या. साथीने बदनाम झालेल्या शहराकडे जगाने पुन्हा विश्वासाने यावे, हा त्यामागचा हेतू होता.

१६ डिसेंबर १९०३ रोजी अवघ्या १७ पाहुण्यांनिशी हॉटेल सुरू झाले. शेजारचे गेटवे ऑफ इंडिया तेव्हा अस्तित्वातही नव्हते. त्याचे उद्घाटन १९२४ मध्ये झाले. पाच महिन्यांनी, १९ मे १९०४ रोजी जर्मनीतील बाड नाउहाइम येथे जमशेटजींचे निधन झाले. इंग्लंडमधील ब्रुकवुडच्या दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती मिळाली.

पोलादाचा कारखाना, जलविद्युत प्रकल्प आणि विज्ञान संस्था ही त्यांची तीन मोठी स्वप्ने त्यांच्या हयातीत पुरी झाली नाहीत. बंगळूरची विज्ञान संस्था १९०९ मध्ये स्थापन झाली, जमशेदपूरचे पोलाद १९१२ मध्ये बाहेर पडले आणि खोपोलीची वीज मुंबईला १९१५ मध्ये मिळाली. डोळ्यांदेखत उभे राहिले ते एकटे ताज.

अपमानाची कथा ऐकायला चटकदार आहे, पण ती जमशेटजींना लहान करते. एका माणसाचा राग एखादे हॉटेल बांधून शमू शकतो. सावरू पाहणाऱ्या शहराला आधार द्यायला त्याहून मोठी दृष्टी लागते. २०१० मध्ये जुन्या इमारतीचे दरवाजे पुन्हा उघडले, तेव्हा मुंबईला तोच आधार दुसऱ्यांदा मिळाला.