आधी सुई स्वतःला

परळची हाफकिन संस्था तुम्हाला नावाने तरी ठाऊक असेलच. पण हे हाफकिन कोण, असं विचारलं तर? बहुतेक जण एकमेकांकडे बघतात. मग ही गोष्ट वाचाच, कारण ती नुसती लशीची नाही, लोकांचा विश्वास कसा मिळतो आणि कसा जातो याचीही आहे.

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १८६० सालचा, ओडेसातल्या ज्यू कुटुंबातला. धर्म बदलायला नकार दिल्यामुळे झारच्या रशियात प्राध्यापकीची वाट बंद झाली. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम मिळालं, तेही आधी ग्रंथालयात! उरलेल्या वेळात त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि जुलै १८९२ मध्ये ती सगळ्यात आधी स्वतःला टोचून घेतली.

पुढच्याच वर्षी ते भारतात आले. कोलकात्याच्या वस्त्यांमध्ये लोक परक्या डॉक्टरला घाबरायचे, चिडायचे. हाफकिन यांनी सैनिक सोबत नेले नाहीत. भारतीय डॉक्टरांना बरोबर घेतलं आणि लोकांच्या डोळ्यांदेखत स्वतःला सुई टोचून घेतली. हळूहळू एकेक दंड पुढे येऊ लागला.

१८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग आला. सरकारने हाफकिन यांना बोलावलं. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात एक छोटी जागा आणि हाताखाली मोजकी माणसं, एवढ्यावर लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी पहिला डोस पुन्हा स्वतःलाच. ताप चढला, अंग दुखलं, पण जिवाला काही झालं नाही.

आता त्याच वर्षीच्या पुण्याकडे बघा. तिथे रँडच्या हाताखालचे सैनिक घराघरांत घुसत होते. देवघर, माजघर काही सोडत नव्हते. माणसांना उचलून नेत होते, सामान जाळत होते. हेतू रोग थांबवण्याचा होता, पण आपल्या घरात हे का चाललंय, हे लोकांना पटेल असं कुणी सांगत नव्हतं. मग लोक आजारी माणूसच लपवू लागले. संताप इतका साचला की २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या.

मुंबईत मात्र एक वेगळी गोष्ट घडली. खोजा समाजाचे तरुण धर्मगुरू तिसरे आगाखान तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांचे, म्हणजे तुमच्याच वयाचे. त्यांनी हाफकिन यांना प्रयोगशाळेसाठी जागा दिली आणि आपल्या लोकांसमोर स्वतः लस टोचून घेतली. त्यांच्यामागे हजारो खोजा पुढे आले. सरकारी नोटिशीला जे जमलं नसतं, ते ओळखीच्या माणसाने करून दाखवलं.

पण हाच विश्वास किती नाजूक असतो, तेही हाफकिन यांनी भोगलं. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावात लस घेतलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने गेले. सगळ्यांना एकाच बाटलीतली लस दिली होती. ती बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. तरी चौकशीने बोट दाखवलं हाफकिन यांच्या प्रयोगशाळेकडे. त्यांचं पद गेलं. चौकशीची कागदपत्रं कितीतरी वर्षं लोकांसमोर आलीच नाहीत. खरं काय झालं ते न कळल्यामुळे भीती तेवढी पसरत राहिली. पंजाबातलं लसीकरण थंडावलं.

शेवटी रोनाल्ड रॉससारखे शास्त्रज्ञ त्यांच्या बाजूने जाहीरपणे उभे राहिले आणि १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव मिळालं. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात ते वारले.

पुढच्या साथीत तुमच्यापैकी कुणी डॉक्टर असेल, कुणी पत्रकार, कुणी नुसताच फॅमिली ग्रुपचा ॲडमिन. घरचे आधी तुम्हालाच विचारतील, लस घ्यायची का? तेव्हा मुल्कोवाल आठवा. हाफकिन यांचं नाव पाच वर्षांनी का होईना, स्वच्छ झालं. पण त्या वर्षांत पंजाबात प्लेगने लाखो माणसं नेली, आणि त्यांच्यातल्या ज्यांनी भीतीपोटी दंड पुढे केला नव्हता, त्यांच्यापर्यंत खरी गोष्ट वेळेत पोचलीच नाही.