वेदनेच्या आधी औषध : डॉ. सिसिली साँडर्स



पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देण्यास आम्ही घरोघरी जातो, तेव्हा कर्करोगाने तळमळणारे रुग्ण भेटतात. डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिलेले असते, पण घरची माणसे कचरतात. सवय लागेल, शेवट लवकर येईल, आणि दुःख तर प्रभूला अर्पण करायचे असते, असे त्यांना वाटते. अशा घरांसाठी आज हे चरित्र.

सिसिली साँडर्स यांचा जन्म १९१८ साली इंग्लंडमध्ये झाला. त्या परिचारिका झाल्या, पण पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सोडून रुग्णालयात समाजसेविका झाल्या. १९४८ साली डेव्हिड टास्मा हा पोलंडचा ज्यू निर्वासित लंडनमध्ये कर्करोगाने मरणपंथाला लागला होता. अशा रुग्णांसाठी एक घर असावे, असे दोघे बोलत. जाताना त्याने त्या घरासाठी ५०० पौंड मागे ठेवले.

सिसिलीबाई पुन्हा शिकू लागल्या आणि १९५७ साली, चाळिशीच्या उंबरठ्यावर, डॉक्टर झाल्या. पुढे धर्मभगिनींच्या सेंट जोसेफ हॉस्पिसमध्ये त्यांनी सेवा केली. त्या काळी बहुतेक रुग्णालयांत वेदना असह्य झाल्यावरच इंजेक्शन मिळे. त्यांनी वेदना परतण्याआधीच, दर चार तासांनी, तोंडाने मॉर्फिन देण्याची पद्धत रुजवली. मात्रा प्रत्येक रुग्णाप्रमाणे ठरे. माणसे गुंगीत न राहता घरच्यांशी बोलू लागली. शरीराबरोबर मन, कुटुंब आणि आत्माही दुखतो, हे त्यांनी वैद्यकशास्त्राला शिकवले. १९६७ साली त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उघडले. २००५ साली कर्करोगानेच, त्याच घरी, त्यांनी देह ठेवला.

त्या अँग्लिकन होत्या. पण आपल्या ख्रिस्तसभेची शिकवणही हीच आहे. पोप पायस बारावे यांनी १९५७ साली डॉक्टरांना स्पष्ट सांगितले, की गरज असताना वेदनाशामक औषध घेणे पाप नाही. आपला क्रूस स्वेच्छेने उचलणे हा भक्तीचा भाग आहे. दुसऱ्याच्या खांद्यावर तो दाबून धरण्याचा अधिकार आपल्याला नाही.

१९८६ साली वांद्रे येथे शांती अवेदना सदनाच्या रूपाने भारतातही असे घर उभे राहिले. तेव्हा बंधुभगिनींनो, औषध डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे वेळेवर द्या, मनाने बंद करू नका. बद्धकोष्ठ झाले तर त्यांना सांगा, त्यावरही औषध आहे. आणि आम्हाला रुग्णाभ्यंगासाठी लवकर बोलवा. वेदना शमलेला रुग्ण आपल्याबरोबर प्रार्थना करू शकतो.