दीक्षाभूमीवरचं कॉलेज अन् बॅरिस्टर साहेब

चंद्रपूर : दर ऑक्टोबरात गावागावांतून लोक चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर येतात. वंदना करतात, पुस्तकं घेतात, रात्रीच्या एसटीनं परत जातात. त्याच आवारात एक कॉलेज आहे. ते तिथं का, हे समजायला बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे माहीत पाहिजेत.

भाऊराव देवाजी खोब्रागडे यांचा जन्म 25 सप्टेंबर 1925 चा, चंद्रपूरचाच. घरची परिस्थिती चांगली होती. बाबासाहेबांच्या सांगण्यावरून ते लंडनला गेले अन् बॅरिस्टर होऊन परतले. मोठ्या शहरात वकिली करून आरामात राहता आलं असतं, पण ते आपल्या माणसांत आले.

14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात धम्मदीक्षा झाली. दोनच दिवसांनी, 16 तारखेला बाबासाहेब चंद्रपूरला आले. इथल्या सोहळ्याची जबाबदारी राजाभाऊंनी उचलली होती.

खरी अडचण पुढं आली. धर्म बदलला, पण गरिबी तीच राहिली. मजुराचं पोरगं मजुराचंच होतं. मात्र कागदावर बौद्ध लिहिलं की केंद्र सरकारच्या लेखी ते अनुसूचित जातीत बसत नव्हतं. त्यामुळं केंद्राच्या सवलतींवरचा हक्क जात होता. दिल्लीतल्या एका यादीतला शब्द गावातल्या पोराचं शिक्षण अडवू शकत होता. महाराष्ट्रानं 1960 मध्ये नवबौद्धांना राज्याच्या सवलती दिल्या, केंद्र मात्र हललं नाही.

राजाभाऊ तीनदा राज्यसभेवर गेले. 1969 ते 1972 या काळात ते तिथले उपसभापती होते. त्यांच्या रिपब्लिकन पक्षानं 1964 च्या देशव्यापी सत्याग्रहात भूमिहीनांना जमीन मागितली, तशीच बौद्धांना सवलतीही मागितल्या.

पण सवलत मिळूनही जवळ कॉलेजच नसेल तर उपयोग काय? त्या वेळी गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता, तो 26 ऑगस्ट 1982 ला झाला. सिरोंच्यापासून कुरखेड्यापर्यंत सारा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यातच होता. राजाभाऊंनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मेमोरियल सोसायटी उभी केली अन् दीक्षाभूमीवर बाबासाहेबांच्या नावानं कॉलेज काढलं. नुसतं स्मारक बांधून ते थांबले नाहीत, स्मारकाच्या जागेवर वर्ग भरवले.

9 एप्रिल 1984 ला ते गेले. केंद्राचा कायदा बदलला 1990 मध्ये, म्हणजे दीक्षेनंतर 34 वर्षांनी. तो दिवस त्यांना पाहता आला नाही. मधल्या काळात किती पोरांची शाळा सुटली असेल, याचा हिशेब कुणाकडं नाही.

आज आपली पोरं मोबाईलवर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरतात. जातीच्या रकान्यामागं एवढी लढाई आहे, हे त्यांना सांगा. अन् उद्या मत मागायला कुणी दारात आलं तर गावच्या शाळेत मास्तर किती, पोरींना कॉलेजला जायला बस आहे का, हे आधी विचारा. शिकलेला, सत्तेतला माणूस आपल्या मुलखासाठी काय करू शकतो, ते बॅरिस्टर साहेबांनी दाखवून ठेवलं आहे.