मुलांचे मन जपणारी माउली : सावित्रीबाई

माता-पित्यांनो, लेकराला पोटभर भाकरी आणि अंगभर कपडा दिला की आपले कर्तव्य संपले, असे आपण समजतो. पण लेकराला मनही असते. अपमानाने, भीतीने, पोरकेपणाने ते खचते. आणि खचलेले मन अभ्यासात रमत नाही. सावित्रीबाई फुले यांच्या चरित्राकडे आपण या दृष्टीने कधी पाहिले आहे काय?

३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगावी त्यांचा जन्म झाला. १८४० साली, नवव्या वर्षीच, जोतीरावांशी त्यांचे लग्न झाले. पतीच्या हाताखाली त्या शिकल्या आणि १८४८ साली पुण्यातील भिडे वाड्याच्या शाळेत मुलींना शिकवू लागल्या. वाटेत लोक अंगावर शेणमाती फेकत. त्या दुसरे लुगडे जवळ ठेवीत, ते नेसून मुलींपुढे उभ्या राहत. रस्त्यावरचा अपमान त्यांनी वर्गाच्या दाराशीच थांबवला.

पुढे महार-मांगांच्या मुलांसाठीही फुले दांपत्याने शाळा काढल्या. त्यांच्याच शाळेत शिकलेल्या मुक्ता नावाच्या मांग मुलीने आपल्या लोकांच्या दुःखावर निबंध लिहिला. १८५५ साली तो ‘ज्ञानोदय’ नियतकालिकात छापून आला. पिढ्यान्‌पिढ्या मुक्या ठेवलेल्या घरातली पोर आपले दुःख आपल्या शब्दांत बोलली! तिला अक्षरे मिळाली, तसे ऐकणारे माणूसही मिळाले होते.

१८६३ साली या दांपत्याने आपल्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. फसवल्या गेलेल्या तरुण विधवांपुढे तेव्हा दोनच वाटा होत्या : स्वतः मरावे, नाहीतर बाळाला मारावे. सावित्रीबाईंनी त्यांना तिसरी वाट दाखवली. त्यांची बाळंतपणे केली, दोष न देता त्यांना धीर दिला. त्यांपैकीच काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तोच यशवंत. जगाने ज्याला पाप म्हटले असते, त्याला घर, नाव आणि शिक्षण मिळाले. तो डॉक्टर झाला.

१८९७ साली पुण्यात प्लेग आला. माणसे आप्तांनाही शिवेनात. सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या एका आजारी अस्पृश्य मुलाला पाठीवर घेऊन यशवंतच्या दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली.

बंधू-भगिनींनो, आता आपल्या घरात पाहा. शाळेतून आलेले मूल अबोल झाले, जेवेना, झोपेना, शाळेचे नाव काढताच रडू लागले, तर त्याला आळशी म्हणून मारू नका. जवळ बसवा, विचारा, मध्ये न बोलता ऐका आणि त्याच्यावर विश्वास ठेवा. कोणी जातीवरून हिणवले असेल, तर गुरुजींना जाऊन भेटा. दुःख हटत नसेल, तर मनाच्या डॉक्टरकडे न्या. त्यात लाज कसली? तापाला औषध घेतोच ना? शेजारी आईबापाविना पोर असेल, तर त्यालाही आपल्या ताटावर बसवा.

तसबिरीला हार घालणे सोपे आहे. एका कोमेजलेल्या लेकराला धीर देणे, हेच सावित्रीमाईला खरे अभिवादन होय.