गुप्तरोगांवरचे मौन मोडणारे र. धों. कर्वे

लैंगिक संसर्ग झालेली व्यक्ती सहसा प्रथम मोठ्या रुग्णालयात जात नाही. ती आधी आजार लपवते आणि त्रास असह्य झाला की ओळखीच्या डॉक्टरांकडे जाते. पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी या आदिवासीबहुल तालुक्यांतून मुंबई-अहमदाबाद महामार्ग जातो. मालवाहतुकीची वर्दळ आणि रोजगारासाठी होणारे स्थलांतर यांमुळे तेथील कुटुंबाच्या डॉक्टरांवरील जबाबदारी मोठी आहे. या जबाबदारीचा पाया महाराष्ट्रात घातला तो स्वतः डॉक्टर नसलेल्या एका गणिताच्या प्राध्यापकाने. त्यांचे नाव रघुनाथ धोंडो कर्वे.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे ज्येष्ठ पुत्र. जन्म १८८२ चा. वयाच्या नवव्या वर्षी, १८९१ मध्ये, बाळंतपणात त्यांच्या आईचे निधन झाले. गणिताच्या उच्च शिक्षणासाठी ते पॅरिसला गेले आणि परतल्यावर मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात शिकवू लागले. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र उघडले होते. महाविद्यालयाला हे कार्य रुचले नाही, तेव्हा १९२५ मध्ये कर्वे यांनी नोकरी सोडली. पत्नी मालतीबाई त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या.

संततिनियमनाबरोबरच गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा, यावरही त्यांनी पुस्तक लिहिले. पेनिसिलिन येण्यापूर्वीचा तो काळ होता. उपदंशावर पारा आणि आर्सेनिकयुक्त औषधांचे कष्टप्रद उपचार करावे लागत. त्यामुळे रोग होऊ न देणे हाच उत्तम मार्ग होता. परंतु त्याविषयी बोलणेच निषिद्ध मानले जाई. जुलै १९२७ मध्ये सुरू केलेल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकातून कर्वे यांनी हे मौन मोडले. जे प्रश्न वाचकांना घरी वा दवाखान्यात विचारता येत नसत, त्यांची उत्तरे ते नीतीचा उपदेश न करता, शास्त्राच्या आधारे देत.

त्याची किंमत त्यांनी मोजली. अश्लीलतेच्या आरोपाखाली १९३१ मध्ये त्यांना दंड झाला. १९३४ च्या खटल्यात वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरेच आक्षेपार्ह ठरवण्यात आली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांची बाजू मांडली, तरीही निकाल विरुद्ध गेला. १९४४ मध्ये मालतीबाईंचे निधन झाले. मासिक मात्र १४ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्वे यांचा मृत्यू होईपर्यंत चालू राहिले.

आज उपदंश व परमा हे रोग प्रतिजैविकांनी बरे होतात. सरकारी केंद्रांत एचआयव्हीची तपासणी विनामूल्य होते आणि २०१७ च्या कायद्याने एचआयव्हीबाधितांच्या गोपनीयतेला संरक्षण दिले आहे. तरीही लाजेपोटी उपचार लांबले, तर वंध्यत्व येऊ शकते. गर्भवतीचा उपदंश पोटातील बाळाचा जीव घेऊ शकतो. एकट्या रुग्णाला औषध देऊनही भागत नाही. जोडीदारावर उपचार झाले नाहीत, तर संसर्ग पुन्हा होतो. म्हणूनच डहाणू-तलासरीच्या डॉक्टरांनी रुग्णाला त्याच्या भाषेत मोकळेपणाने विचारणे, निरोधचा वापर समजावणे, तपासणीसाठी पाठवणे आणि त्याचे गुपित राखणे आवश्यक आहे. रुग्णाचा न्यायनिवाडा न करता त्याला खरी माहिती देण्याचा जो आग्रह कर्वे यांनी आयुष्यभर धरला, तो दवाखान्याच्या चार भिंतींत पाळणे फारसे खर्चिक नाही.