विठ्ठल नागेश शिरोडकर

डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर (२७ एप्रिल १८९९ – ७ मार्च १९७१) हे भारतीय स्त्रीरोगतज्ज्ञ व प्रसूतितज्ज्ञ होते. वारंवार होणारा गर्भपात रोखणारी त्यांची शस्त्रक्रिया 'शिरोडकर टाका' या नावाने जगभर ओळखली जाते.

जीवन

शिरोडकरांचा जन्म गोव्यातील शिरोडा येथे झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून ते १९२३ साली एम.बी.बी.एस. झाले आणि १९२७ साली त्यांनी एम.डी. ही पदवी मिळवली. १९३१ साली ते इंग्लंडमध्ये एफ.आर.सी.एस. झाले. मायदेशी परतल्यावर त्यांनी मुंबईत जे. जे. रुग्णालयात काम केले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात अध्यापन केले.

कार्य

फलनानंतर साधारण सहा ते दहा दिवसांत गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजतो. इंटिग्रिन, सेलेक्टिन यांसारखे पेशींना परस्परांशी जोडणारे रेणू या रोपणात भाग घेतात, हे पुढील काळातील संशोधनातून स्पष्ट झाले. मात्र नीट रुजलेला गर्भही काही स्त्रियांमध्ये चौथ्या ते सहाव्या महिन्यात निसटतो. गर्भाशयाची ग्रीवा दुर्बल असल्यास वाढत्या गर्भाचा भार तिला पेलवत नाही आणि ती वेदनेविना उघडते. अशा स्त्रियांना एकामागून एक गर्भ गमवावे लागत.

शिरोडकरांनी या दोषावर यांत्रिक उपाय शोधला. रुग्णेच्याच मांडीतील आवरण-ऊतीची पट्टी काढून ती ग्रीवेच्या आतील मुखाभोवती बांधण्याची पद्धत त्यांनी १९५५ साली 'अँटिसेप्टिक' या नियतकालिकात मांडली. १९५७ साली ऑस्ट्रेलियातील इयान मॅकडोनाल्ड यांनी याच तत्त्वावर अधिक सोपी पद्धत सुचवली. पुढे पट्टीऐवजी कृत्रिम धाग्याची फीत वापरात आली.

गर्भ मुळातच रुजत नसल्यास या टाक्याचा उपयोग होत नाही. त्यामुळे कोणत्या रुग्णेस तो घालावा, हे पूर्वीचे गर्भपात आणि सोनोग्राफीत दिसणारी ग्रीवेची लांबी पाहून ठरवले जाते.

बंद झालेल्या बीजवाहिन्या मोकळ्या करण्याच्या, तसेच अंग बाहेर येण्याच्या विकारात गर्भाशय न काढता ते वर उचलून धरण्याच्या शस्त्रक्रियाही त्यांनी विकसित केल्या. मातृत्वाची शक्यता टिकवणे हे या सर्व शस्त्रक्रियांचे समान सूत्र होते.

सन्मान

भारत सरकारने त्यांना १९६० साली पद्मभूषण आणि १९७१ साली पद्मविभूषण देऊन गौरविले.